उचललेला बेल

माझ्या सासूबाई, अत्ती, बसमध्ये चढल्या तेव्हा मी पदरानं अर्धं तोंड झाकून घेतलं होतं. सकाळची वेळ, ऊन अजून बोळात उतरलेलंही नव्हतं. तोंड झाकलं ते लाजेनं. बसच्या अंगभर आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, गुरुअण्णांचा, हात जोडलेला फोटो आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'माता-भगिनींसाठी मोफत श्रीशैल दर्शन'. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातल्या बायका नव्या साड्या नेसून, डबे घेऊन खिडकीच्या जागेसाठी भांडत होत्या. आणि त्या घोळक्यात सगळ्यांत पुढे आमच्या अत्ती. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाच्या लग्नात जिलेबी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही, ती फुकटच्या बसची पायरी चढत होती, तीही गुरुअण्णांच्या.

"तुमाला काहीच कसं वाटत नाही?" आदल्या दिवशी मी विचारलं होतं.

"वाटतंय की," अत्ती म्हणाल्या. "म्हणूनच जाणार हाय. तू पण चल. मला एकटीला जमायचं न्हाय."

काय जमायचं नाही, ते सांगितलं नाही. सत्तरीच्या बाईला इतक्या लांब एकटं कसं सोडायचं म्हणून मी गेले. माझं युनिफॉर्मचं शिलाईकाम दोन दिवस अडलं, त्याचा राग वेगळाच.

अत्ती म्हणजे कानडीत सासू; त्यांचं नाव गौरम्मा. आमचं घर लिंगायत, अर्धं कानडी, अर्धं मराठी. रागवायचं कानडीत आणि समजूत काढायची मराठीत, अशी घरात वाटणी आहे. मी बार्शीची. त्यामुळे लग्नानंतर वर्षभर मला नुसता आवाज ऐकू यायचा, आपण काय चुकलो ते कळायचं नाही. अत्ती कडक भाकरी करून विकतात. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर इतकी वाळवायची, की टिचकी मारली तर वाजली पाहिजे. न वाजणारी भाकरी त्या गिऱ्हाइकाला देत नाहीत, ती आम्ही खातो. लग्नानंतर मी बऱ्याच न वाजणाऱ्या भाकऱ्या खाल्ल्या, कारण त्या मीच केलेल्या असायच्या.

भाकरीपेक्षाही त्यांची ख्याती दुसऱ्या गोष्टीची. बोलल्या म्हणजे बोलल्या. एकदा नातेपुत्याच्या एका माणसानं भाकऱ्या सांगितल्या आणि विसरून गावी निघून गेला. अत्ती तापानं फणफणल्या होत्या, तरी स्टुलावर बसून भाकऱ्या पुऱ्या केल्या आणि माझ्या नवऱ्याला, महेश्वरला, ते गठुडं घेऊन एस.टी.नं नातेपुत्याला पाठवलं. भाकरीपेक्षा तिकीट महाग पडलं. महेश्वर आजही नातेपुत्याचं नाव काढलं की कपाळाला हात लावतो. पण बोळात अत्तींचा शब्द चालायचा तो यामुळेच. दोघींचं भांडण झालं की निकाल आमच्या ओट्यावर लागायचा. "बोलल्यावर बोलल्यासारखं वागायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायका हसायच्या आणि ऐकायच्या.

आमच्याच पेठेतला गुरुशांत पहिल्यांदा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हाही अशीच बस निघाली होती. मी तेव्हा नवी सून, घर सांभाळायला मागे राहिले. श्रीशैलला मल्लिकार्जुनाचं, आमच्या मल्लय्याचं, दर्शन झाल्यावर त्यानं सगळ्या बायकांना धर्मशाळेच्या अंगणात बसवलं. एकेकीच्या हातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर विभूती. "मल्लय्याच्या साक्षीनं सांगते, गुरुअण्णाच्या विरोधात जाणार न्हाय," एवढं म्हणून पान कपाळाला लावायचं. आमच्याकडे याला बेल उचलणं म्हणतात, आणि तो उचलल्यावर माणूस बांधला जातो. परत येताना गोजाबाई नावाची आमची शेजारीण बसमध्ये म्हणाली, "बेल उचलला म्हणजे काय झालं, आत जाऊन बटण कुठलं दाबलं ते कोण बघतंय?" अत्तींनी तिला सगळ्यांदेखत झापलं. "मल्लय्या बघतोय. उचललेला बेल खाली ठेवायचा नसतो, गोजे." बायकांनी माना डोलावल्या. गुरुशांत निवडून आला, त्याचा गुरुअण्णा झाला.

माणूस गोड. प्रत्येकीचं नाव पाठ, लग्नाला हजर, मयताला खांदा द्यायला पुढे. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की त्याची रिक्षा दारात. त्याच्यावर राग धरणं अवघड, हीच त्याची सगळ्यांत मोठी कमाई.

मग आमच्या बोळातली उघडी गटार झाकायचं काम निघालं. काम मिळालं गुरुअण्णांच्या मेव्हण्याला. ते कुणाला मिळणार हे बोळातल्या मांजरालाही माहीत होतं. मी तेव्हा बाळंतपणाला बार्शीला होते, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. स्लॅब नेमका आमच्या आणि चंद्रव्वाच्या दारासमोर ओतला गेला. अत्ती मजुरांना चहा द्यायला गेल्या, तर लाकडी फळ्यांवर नुसती खडी आणि सिमेंट. सळई कुठेच नाही. त्यांनी विचारलंही, "लोखंड कुटं हाय रे?" मजूर म्हणाला, "येणार हाय, आज्जी." लोखंड आलं नाही, सिमेंट वाळलं. वर फरशीवर गुरुअण्णांचं नाव कोरून बसवलं.

चंद्रव्वा अत्तींची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा मुलगा शिवू त्या नव्या स्लॅबच्या कडेला चहा-भज्यांचा गाडा लावायला लागला. चांगला चालायचा. संध्याकाळी भज्यांच्या वासानं माझी शिलाई वाकडी जायची. आणि एक दिवस, भर दुपारी, चंद्रव्वा पाण्याची कळशी घेऊन दारातून निघाली आणि स्लॅबसकट आत गेली. खुबा मोडला. ती दवाखान्यात पोचते न पोचते तोच गुरुअण्णांची माणसं आली, मोडका माल गाडीत भरला आणि संध्याकाळच्या आत नवं काँक्रीट ओतून मोकळी झाली. इतक्या तत्परतेनं आमच्या बोळात दुसरं काही झाल्याचं मला आठवत नाही. गुरुअण्णा स्वतः दवाखान्यात फळांची टोपली घेऊन गेले, फोटोही निघाला.

लोकांनी ओरड केली म्हणून चौकशी लागली. एक साहेब आले, त्यांनी बोळातल्या लोकांना एकत्र केलं आणि विचारलं, "काम चालू असताना कुणी काही बघितलं होतं का?" मी लेकराला घेऊन परत आले होते, दारातच उभी होते. अत्ती माझ्या शेजारी. हाताला पीठ. साहेबांनी एकेकाकडे बघितलं, अत्तींकडेही बघितलं. अत्तींनी मान खाली घातली आणि हाताचं पीठ चोळत राहिल्या.

साहेबांचा निष्कर्ष असा निघाला, की स्लॅब चांगलाच होता. तो खचला शिवूच्या गाड्याच्या वजनानं. गाडा बेकायदा ठरला, उचलून नेला. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण त्या दिवसापासून बोळ म्हणायला लागला, की पोरानं पैशाच्या हव्यासानं आईचा खुबा मोडला. वाईट म्हणजे शिवूलाही ते पटलं. तो मार्केट यार्डात पोती उचलायला जायला लागला. यायचा, आईचं अंथरूण-पांघरूण करायचा, तिला उचलून दारातल्या खुर्चीत बसवायचा, आणि तिच्याकडे न बघता बोलायचा.

सळईचं मला कळलं ते चौकशी संपल्यावर. अत्ती जेवेनात, म्हणून मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मला संताप आवरला नाही.

"तुमी एक शब्द बोलला असता तर शिवू सुटला असता, अत्ती."

"मला कळत न्हाय व्हय ते?"

"मग?"

"मी बेल उचललाय, राजी. विरोधात जाणार न्हाय म्हणून."

"त्यानं तुमचा विश्वासघात केला तरी?"

"त्याचं त्यो बघंल. माझा शब्द मल्लय्यासमोरचा हाय."

मी महेश्वरकडे बघितलं. तो म्हणाला, "तिचं ती बघेल," आणि चपला घालून बाहेर गेला. या घरातल्या पुरुषांना चपला फार वेळेवर सापडतात. मी जाऊन सांगायचं म्हटलं, तर मी बार्शीला होते. डोळ्यांनी बघणारी बाई तोंड उघडत नसताना ऐकीव बोलणं कोण धरणार?

त्यानंतर अत्ती रोज भाकरीची चळत चंद्रव्वाच्या घरी न्यायला लागल्या. पण उंबऱ्यावर ठेवायच्या आणि फिरायच्या. आधी तासन् तास एकमेकींच्या घरी बसणाऱ्या या बायका. चंद्रव्वा खुर्चीतून हाक मारायची, "गौरा, बस की जरा." अत्ती म्हणायच्या, "तवा तापलाय." तवा कधी तापलेला नसायचा. शिवू समोरून आला तर त्या भिंतीकडे तोंड करून चालायच्या. चोरी केलेल्या बाईसारख्या त्या स्वतःच्या बोळात वावरत होत्या, आणि ज्यानं केली तो कट्ट्यावर बसून आमच्याच दारात चहा पीत होता.

मधे बरीच वर्षं निवडणूकच झाली नाही. गुरुअण्णांनी तेवढ्यात दोन पक्ष बदलले, बंगला बांधला. मग निवडणुकीची हवा सुरू झाली आणि आचारसंहितेच्या आत उरकायचं म्हणून घाईनं पुन्हा श्रीशैलची बस आली. त्या बसमध्ये मी तोंड झाकून बसले होते, आणि अत्ती खिडकीतून बाहेर बघत होत्या. भजनं झाली, भेंड्या झाल्या, गोजाबाईनं चिवडा वाटला. अत्तींनी त्यातला दाणाही घेतला नाही.

दर्शन झालं. पुन्हा धर्मशाळेचं अंगण, पुन्हा बेलाची टोपली. गुरुअण्णा त्यांच्या पांढऱ्या गाडीतून आले होते. बायका एकेक करून पान कपाळाला लावत होत्या, ते हात जोडून प्रत्येकीला "आक्का, लक्ष असू द्या" म्हणत होते. अत्तींची पाळी आली. त्यांनी पान घेतलंच नाही.

"गुरुअण्णा, मागल्या खेपेला मी बेल उचलला होता. आजवर पाळला. आज त्यो मोकळा करायला आलेय."

गुरुअण्णा हसले. "असं का म्हणता, गौरक्का? काय चुकलं आमचं?"

"आमच्या बोळातल्या गटारीवर स्लॅब टाकला, त्यात सळई न्हवती. मी बघितलंय. तुमी जर म्हणत असाल की होती, तर हितं, मल्लय्यासमोर बेल उचला."

मला तेव्हा उमगलं की अत्ती फुकटच्या दर्शनाला आल्याच नव्हत्या. जिथे शब्द दिला तिथेच तो परत करायचा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. मी तोंडावरचा पदर काढला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. अत्तींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यांना पक्की खात्री होती, की हा माणूस आता बेलाला हात लावणार नाही. कुठलाच माणूस लावणार नाही. मल्लय्यासमोर खोटं बोलता येतं ही गोष्टच त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती.

गुरुअण्णांनी टोपलीतलं एक पान उचललं. विभूतीही घेतली, नीट. "मल्लय्याच्या साक्षीनं सांगतो, सळई होती." पान कपाळाला लावलं, खिशात ठेवलं. "झालं समाधान, आक्का? आता तुमी घ्या." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गाडीकडे गेले. एवढाच वेळ लागला. चहाचा कप उचलायला जेवढा लागतो तेवढा.

बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "बघा, अण्णांनी शपथ घेतली म्हणजे सळई असणारच," गोजाबाई म्हणाली आणि पान घ्यायला पुढे झाली. तिच्यामागून बाकीच्या.

परतीच्या वाटेवर अत्ती डोळे मिटून बसल्या. मी पाणी दिलं, घेतलं नाही. सोलापूर जवळ आल्यावर फक्त एवढं म्हणाल्या, "राजी, मी ह्या माणसासाठी गप्प बसले व्हय गं?" मी त्यांचा हात हातात घेतला. तव्याच्या चटक्यांनी तो हात राठ झालेला आहे, तो तेव्हा गार पडला होता.

बसमधून उतरल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. थेट चंद्रव्वाच्या दारात. या वेळी उंबरा ओलांडून आत गेल्या आणि तिच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसल्या. शिवू कामावरून आला होता, आत चहा करत होता.

"चंद्रे, स्लॅबात सळई न्हवती. मी चहा द्यायला गेले तवा बघितलं होतं. चौकशीत बोलले न्हाय. तुझ्या पोराच्या माथ्यावर खोटं बसलं, ते माझ्यामुळं. मला लाज वाटते गं. तुझ्याकडं बघायची लाज वाटते."

मला वाटलं, आता चंद्रव्वा अत्तींना हाकलून देईल. द्यायलाच हवं होतं.

"मला ठाऊक हाय, सळई न्हवती," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. मी आत पडले होते की. मोडलेली कड माझ्या तोंडासमोर होती, माणसं येऊन काढीपर्यंत तेवढंच बघत होते. मातीगत चुरा. लोखंड औषधाला न्हवतं."

"मग बोलली का न्हाईस? तुझा पोरगा..."

"तुझ्या शेजारीच बसून मी पण बेल उचलला होता, गौरा. तू गोजीला बोललीस ते ऐकलं होतं की मी. उचललेला खाली ठेवायचा नसतो."

आतल्या खोलीच्या दारात शिवू चहाचे कप घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कप खाली ठेवले, आईकडे बघितलं, पहिल्यांदा नीट बघितलं. "अव्वा, मी इतकी वर्षं..." एवढंच म्हणाला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. चंद्रव्वा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. अत्तींनी कुणाकडे वर बघितलं नाही. मी तिथून निघून आले, कारण त्या खोलीत माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अत्तींनी सगळ्या बोळात सांगितलं. दारोदार जाऊन, भाकरीचं पीठ तसंच परातीत ठेवून. शिवूचा दोष नाही. सळई नव्हती. मी बघितलंय, चंद्रव्वानं बघितलंय. गुरुअण्णांनी मल्लय्यासमोर खोटी आण घेतली. चौकशी केलेल्या ऑफिसातही जाऊन आल्या. तिथं कळलं की ते साहेब कधीच बदलून गेले आणि प्रकरण बंद झालं. बोळातल्या बायकांनी मात्र ऐकून घेतलं. हळहळल्या. दोघी-तिघींनी शिवूला घरी बोलावून जेवायला घातलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

निकालाच्या दिवशी गुरुअण्णा मागच्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले.

मिरवणूक बोळात आली. हलगी, गुलाल, आणि दारोदारी ओवाळायला आरतीची ताटं घेऊन उभ्या त्याच बायका. गोजाबाईच्या हातातही ताट होतं. अत्ती ओट्यावर उभ्या होत्या, शेजारी शिवूनं उचलून आणून बसवलेली चंद्रव्वा. अत्तींनी गोजाबाईला विचारलं, "गोजे, सगळं सांगून पण?"

गोजाबाईनं मान खाली घातली. तिलाही लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. "काय करणार, गौरक्का? तितं बेल उचलला होता. तुमीच तर शिकवलं की आमाला."

गुरुअण्णा आमच्या दारापाशी आले, गुलालानं माखलेले हात जोडले. "आक्का, आशीर्वाद असू द्या." आणि उत्तराची वाट न बघता, चंद्रव्वा जिथे पडली होती तिथल्याच नव्या स्लॅबवरून पुढे गेले.

अत्ती ओट्यावरून खाली उतरल्या. बायकांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "चुकीचं शिकवलं मी तुमाला," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं. हलगीचा आवाज इतका होता की ते फक्त मला आणि चंद्रव्वाला ऐकू आलं.